पश्चिम समुद्रातला देवमासा

परदेशी स्थायिक झालेली आपली मुलेबाळे सुटीत घरी येतात, कुळदेवतेच्या पायांवर डोके ठेवतात, आणि मग ओसरीवर बसून नाना हकीकती सांगतात. त्यांत अलीकडे एक नवी हकीकत ऐकू येऊ लागली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर हर्वी बे नावाचा उपसागर आहे. तेथे जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत प्रवाशांना बोटींतून देवमासे पाहावयास नेतात. उबदार पाण्यात जन्मलेली पिले बरोबर घेऊन माद्या दक्षिण ध्रुवाच्या वाटेला लागलेल्या असतात, आणि वाटेत त्या शांत पाण्यात काही दिवस विसावतात. पंचेचाळीस-पन्नास फूट लांबीचा तो प्रचंड जीव आपले सारे अंग पाण्याबाहेर झोकून देतो आणि तोफेसारखा आवाज करून पुन्हा कोसळतो, असे सांगताना या मुलांचे डोळे विस्फारतात. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी मग विचारतोच : आपल्या मोरजी-हरमलच्या समुद्रात हे का येत नाहीत? येत असतील तर त्यांचा हंगाम कोणता?

या प्रश्नाचे उत्तर विलक्षण आहे. आपल्या समुद्रातला हा देवमासा येत नाही, कारण तो कधी गेलेलाच नाही.

ज्याच्याविषयी हे लिहावयाचे तो इंग्रजीत हंपबॅक व्हेल म्हणून ओळखला जातो. बुडी मारताना पाठीला बाक देतो म्हणून हे नाव पडले. आपण त्याला कुबडा देवमासा म्हणू. मासा म्हणण्याचा प्रघात असला तरी तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. त्याला दात नसतात. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या झालरीच्या चाळणीने तो पाणी गाळून आपले भक्ष्य ठेवून घेतो. वल्ह्यांसारखे त्याचे दोन हात अंगाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके लांब असतात. हा जीव जगाच्या सर्व महासागरांत आहे, आणि जवळजवळ सर्वत्र तो यात्रेकरू आहे. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोटभर खावयाचे, हिवाळ्यात उष्ण समुद्रात येऊन प्रसूत व्हावयाचे, असा त्याचा हजारो किलोमीटरांचा वार्षिक क्रम. या नियमाला जगात एकच समूह अपवाद आहे. तो आपल्या अरबी समुद्रात राहतो.

आपल्या पूर्वजांना हा जीव ठाऊक होता काय? होता, आणि चांगला ठाऊक होता असे मानण्यास जागा आहे. रामायण-महाभारतातील समुद्रवर्णनांत तिमी आणि तिमिंगिल, म्हणजे तिमीलाही गिळणारा, हे वारंवार भेटतात. अमरकोशानेही तिमिंगिलाची नोंद घेतली आहे. पण एवढ्यावरून कोणी म्हणेल की हे सारे कल्पनेचे राक्षस आहेत. त्याने रघुवंशाचा तेरावा सर्ग काढून पाहावा. लंकेहून परतताना श्रीराम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवीत आहेत. त्या वर्णनात कालिदासाने तिमींविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा की, हे तिमी आ वासून नदीच्या मुखाजवळचे पाणी त्यातील जीवांसकट तोंडात घेतात, मग तोंड मिटतात, आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याचे फवारे उंच उडवितात. चाळणीच्या देवमाशाचे जेवण इतक्या मोजक्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. पाणी जीवांसकट घेणे आणि तोंड मिटून जीव आत ठेवणे, हे दोन्ही अचूक आहे. चूक एकच : डोक्यावरून उडतो तो तोंडातले पाणी नव्हे, तो श्वास. फुप्फुसांतील उष्ण, दमट हवा जोराने बाहेर पडते आणि तिचा वाफेसारखा झोत दिसतो. पण ही चूक केवळ कालिदासाची नाही. पुढे कितीतरी शतके युरोपातील चित्रकार देवमाशाच्या डोक्यावर कारंजी काढीत राहिले.

देवमाशांची सर्वांत जुनी अशी एक तपशीलवार भेट आपल्याच समुद्राच्या वरच्या अंगाला घडली आहे. ख्रिस्तपूर्व 325 साली शिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखाहून इराणकडे निघाला. मकरानच्या किनाऱ्याने जाताना एके दिवशी समुद्रातून वावटळीसारखे पाणी वर उडताना दिसले. हे काय, असे खलाशांनी विचारले. वाटाड्यांनी सांगितले की हे मोठे मासे आहेत. ते ऐकताच वल्हेकऱ्यांच्या हातांतून वल्ही गळाली. तेव्हा निआर्कसाने लढाईत करतात तशी नौकांची तोंडे माशांकडे वळविली, रणघोष करविला, तुताऱ्या फुंकविल्या, आणि ताफा सरळ त्यांच्यावर चालवून नेला. मासे घाबरून खाली गेले आणि ताफ्याच्या मागच्या बाजूला पुन्हा वर आले. खलाशांनी टाळ्या पिटल्या. ही कथा एरियनने आपल्या 'इंडिका'त नोंदवून ठेविली आहे. त्याच ग्रंथात मकरान-किनाऱ्यावरचे मत्स्याहारी लोक या माशांची मोठी हाडे घराच्या तुळयांना आणि जबडे दारांना वापरीत, असेही आहे. तुताऱ्या फुंकून देवमासा पळाला की तो आपल्या वेळेला बुडी मारून गेला, हे निआर्कसाला कळण्याचा संभव नव्हता. सेनापतीने मात्र विजय आपल्या नावावर लावून घेतला. पुढे इ. स. 851 च्या सुमारास रचलेल्या एका अरबी प्रवासग्रंथातही व्यापारी लोक रात्री देवमाशाच्या भयाने लाकडी पाट्या वाजवीत जात, असा उल्लेख येतो. म्हणजे बारा शतके लोटली तरी खलाशांचा उपाय तोच होता : आवाज करा, म्हणजे तो दूर जाईल.

या समुद्रावर आपलीही सत्ता होती. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या बिरुदावलीत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाइतक्याच अभिमानाने 'पश्चिमसमुद्राधीश्वर' ही पदवी येते. हे बिरुद पोकळ नव्हते. चांदर आणि गोपकपट्टण येथून त्यांची जहाजे दूरवर जात. पुढे देवाला दिवाडीहून नदीपार यावे लागले, आणि 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्वे येथे देवालयाचा जीर्णोद्धार केला, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. मला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की पश्चिम समुद्राचे स्वामित्व सांगणाऱ्या त्या राजांनी आपल्या प्रजाजनांत या रहिवाशाची गणना केली असण्याचे कारण नव्हते. आणि आपणही अजून केलेली नाही.

पोर्तुगेज अमदानीत गोव्यात देवमाशाची चर्चा झाली ती वेगळ्याच वाटेने. 1563 साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा 'कोलोकियुश' हा संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्यातील एक संवाद अंबर या सुगंधी द्रव्यावर आहे. हे अंबर कोठून येते याविषयी त्या काळी नाना मते होती. कोणी त्याला समुद्राचा फेस म्हणत, कोणी देवमाशाशी त्याचा संबंध जोडीत. ओर्ताने ही मते तपासली, आणि ती एक प्रकारची माती असावी असा निर्णय दिला. बुद्धिमान माणूस, पण येथे फसला. अंबर हे स्पर्म जातीच्या, म्हणजे दात असलेल्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. आपल्या रसशास्त्रात 'अग्निजार' म्हणून एक द्रव्य सांगितले आहे. अग्निनक्र नावाच्या जलचराची वार समुद्र किनाऱ्यावर टाकतो आणि ती उन्हाने वाळते, असे त्याचे वर्णन येते. हे अग्निजार म्हणजेच अंबर, असे अनेक वैद्य मानतात. ते बरोबर असेल तर प्राण्याच्या शरीरातून आलेली वस्तू, एवढे तरी आमच्या रसवैद्यांनी ओर्ताच्या आधी ओळखले होते. आज हेच द्रव्य 'व्हेलची उलटी' या ओंगळ नावाने वर्तमानपत्रांत झळकते, आणि कोंकणपट्टीत त्याच्या चोरट्या व्यापारापायी माणसे पकडली जातात. कायद्याने ते बाळगणेही गुन्हा आहे. असो.

आता मूळ प्रश्नाकडे. साऱ्या जगाचा कुबडा देवमासा यात्रेला जातो आणि आपला का जात नाही? याचे उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. मृगाच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा सुटला की पेडण्याच्या शेतांत चिखल होतो, तेरेखोल आणि शापोऱ्याच्या मुखांवर लाटा फुटू लागतात, होड्या वर ओढल्या जातात. जून-जुलैत सरकारी बंदी असते. पूर्वी तीच शिस्त नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याच्या धाकाने पाळली जाई. हाच वारा समुद्रापलीकडे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो आणि वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. त्याची जागा भरावयास तळातले थंड पाणी वर येते. त्या पाण्यात क्षार असतात. क्षारांवर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर सूक्ष्म जीव, त्यांवर कोळंबीसारखे जीव आणि लहान मासे, असा अन्नाचा डोंगर उभा राहतो. कमी प्रमाणात हीच क्रिया आपल्या किनाऱ्यालगतही होते. तारल्यांचे आणि बांगड्यांचे थवे तिच्यावर पोसतात. इतरत्र अन्नासाठी ध्रुवापर्यंत जावे लागते. येथे मान्सून ते दारात आणून देतो. शिवाय उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. ध्रुवाची वाटच बंद. तेव्हा हा देवमासा येथेच खातो, येथेच विण्याचा हंगाम पाळतो, आणि येथेच मरतो. ज्या पावसावर आपले भात पिकते त्याच पावसावर त्याचे घर चालते.

हे सारे आज आपण सहज लिहितो. पण ते सिद्ध झाले ते एका हत्याकांडातून, आणि हीच या इतिहासातील सर्वांत खिन्न करणारी गोष्ट आहे. काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदराहून सोव्हिएत संघाचे देवमासे मारणारे ताफे दर वर्षी सुवेझमार्गे दक्षिण ध्रुवाकडे जात. 'स्लावा' आणि 'सोवेत्स्काया उक्रायना' ही त्यांतील दोन कारखानी जहाजे. जहाजावरच देवमासा ओढून घ्यावयाचा, कापावयाचा, त्याचे तेल काढावयाचे. कुबड्या देवमाशाच्या शिकारीवर तोवर आंतरराष्ट्रीय बंदी आली होती, आणि या उष्ण समुद्रात कारखानी जहाजांनी चाळणीचे देवमासे मारण्यास तर मुळातच मनाई होती. तरीही वाटेत या ताफ्यांनी अरबी समुद्रात 242 कुबडे देवमासे मारले. त्यांतील जवळजवळ सारे एकट्या नोव्हेंबर 1966 या महिन्यात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य हिंदुस्थानच्या किनाऱ्यांसमोर पडले. जगाला कळविलेल्या आकड्यांत त्यांचा मागमूस नव्हता.

तो नोव्हेंबर गोमंतकीयांच्या आठवणीत वेगळ्या कारणासाठी आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, याच्या वादाने तेव्हा घराघरांत दोन तट पडले होते. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. मराठी की कोंकणी यावर भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. या मासिकात दोन्ही भाषा शेजारी बसतात म्हणून हे हसत लिहिता येते. ज्या समुद्राच्या काठी आपण हा वाद घालीत होतो, त्याच समुद्राच्या उत्तर अंगाला त्याच दिवसांत काय चालले होते, याची कोणाला कल्पना असणे शक्यच नव्हते.

ती कल्पना जगाला आली 1997 साली. त्या ताफ्यांवर युरी मिखालेव्ह नावाचे एक जीवशास्त्रज्ञ काम करीत होते. सोव्हिएत सत्ता लयास गेल्यावर त्यांनी आपल्या जवळच्या खऱ्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मारलेल्या माद्यांच्या उदरातील गर्भांची मापे त्यांत होती. त्या मापांवरून गर्भधारणेचा आणि जन्माचा काळ काढता येतो, आणि तो उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्याशी जुळला. हे देवमासे दक्षिण ध्रुवाकडून आलेले पाहुणे असते तर त्यांचा जन्मकाळ दक्षिणेच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात पडला असता. पोटांत अन्नही सापडले. यात्रेवरचा देवमासा उष्ण समुद्रात बहुधा उपाशी असतो. म्हणजे हे येथलेच होते. मारणाऱ्याच्या वहीने मेलेल्यांचे गाव सांगितले. पुढे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने असे दाखविले की हा समूह सुमारे 70,000 वर्षे इतरांपासून वेगळा पडलेला आहे. प्रभू परशुरामांनी बाण मारून समुद्र हटविल्याची कथा आपण सांगतो. त्या समुद्रात हा आधीपासून होता, असे म्हटले तर कथेला बाध येऊ नये.

किती उरले? ओमानच्या किनाऱ्यावर 2000 ते 2004 या काळात काढलेल्या छायाचित्रांवरून गणना झाली. कुबड्या देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूस काळ्यापांढऱ्या रंगाची नक्षी असते, आणि माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे ती प्रत्येकाची निराळी. त्या हिशेबाने तेथे सुमारे 82 देवमासे असल्याचा अंदाज निघाला. एका दिवाळीच्या महिन्यात मारले गेले त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके! 2008 साली या समूहाची जागतिक यादीत स्वतंत्रपणे 'संकटग्रस्त' म्हणून नोंद झाली. आज त्यांच्यावर भाला कोणी टाकीत नाही. जाळी आणि जहाजे मात्र आहेत. ओमानमध्ये छायाचित्रे काढलेल्यांपैकी निदान तिसऱ्या हिश्श्याच्या शेपटीच्या मुळाशी जाळ्यांचे व्रण दिसले.

ओमानचा देवमासा आपल्याला काय, असे म्हणण्याची सोय 2017 नंतर उरलेली नाही. त्या वर्षाअखेर ओमानच्या शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पाठीत उपग्रहाला खुणा पाठविणारे लहानसे यंत्र बसविले. तिच्या शेपटीवरची नक्षी धुपाच्या झाडासारखी दिसे, म्हणून तिचे नाव 'लुबान', म्हणजे अरबीत धूप. (या धुपाची झाडे ओमानच्या धोफार प्रांतात होतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.) ही लुबान किनाऱ्याकिनाऱ्याने न जाता सरळ अरबी समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या बाजूस आली आणि दक्षिण टोकापर्यंत गेली. कदंबांची आणि अरबांची गलबते ज्या पाण्यातून ये-जा करीत, त्याच पाण्यातून. त्याआधी 2011 साली केरळच्या समुद्रात ठेवलेल्या ध्वनियंत्रांवर या जातीचे गाणे उमटले होते. हे गाणे नर गातात, विण्याच्या हंगामात, आणि तेच चरण पुन्हा पुन्हा आळवीत तासन् तास गातात. अमेरिकेत 1970 साली अशा गाण्याची तबकडी निघाली आणि ती ऐकून देवमासे वाचविण्याची चळवळ उभी राहिली. आपल्याकडचा हत्याकांडाचा महिना तिच्या अवघी चार वर्षे आधीचा.

आपल्या शेजारी सिंधुदुर्गात तर 2015 साली कुणकेश्वरासमोरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे पिलांसह दिसले. हा कुबड्याहून वेगळा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. महाशिवरात्रीला जेथे गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला समुद्रात उतरतात, त्याच पाण्यात पलीकडे हे उभे होते.

मग पेडण्याच्या किनाऱ्यावरून देवमासे पाहण्याच्या फेऱ्या निघाव्यात काय? माझे मत विचाराल तर, तूर्त निघू नयेत. मोरजी आणि शापोऱ्याकडून डॉल्फिन दाखवावयास होड्या जातात त्यांची रीत मी पाहिली आहे. एक पाठ दिसली की चार होड्या तिच्यावर धावतात. त्या डॉल्फिनलाही इंग्रजीत 'हंपबॅक'च म्हणतात. त्यामुळे काही प्रवासी देवमासा पाहिला अशा समाधानात परततात. तो गैरसमज निरुपद्रवी आहे. पण इंजिने लावून पाठलाग करण्याची ही सवय अल्पसंख्य उरलेल्या देवमाशापर्यंत जाऊ नये. श्रीलंकेत मिरिस्सा येथे निळे देवमासे दाखविण्याचा धंदा बहरला, आणि तेथेही एका देवमाशाभोवती बोटींची गर्दी होते अशी जाणकारांची तक्रार आहेच. निआर्कसाच्या तुताऱ्या बंद झाल्या, इंजिने सुरू झाली.

त्यापेक्षा गुजरातचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क नावाच्या महाकाय माशाची यकृताच्या तेलासाठी मोठी कत्तल होत असे. 2001 साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, पण कायदा समुद्रावर पोचत नाही. 2004 पासून मोरारीबापूंनी लोकांना सांगावयास आरंभ केला की ही माहेरी आलेली लेक आहे. तिचे नाव 'व्हाली', म्हणजे लाडकी. मच्छीमारांनी आपली महागडी जाळी कापून तिला सोडावयास सुरुवात केली. जाळ्याची भरपाई मिळते हे खरे, पण कापणारा हात त्यांचाच होता. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तर कोळी लोक देवमाशाला आदराने 'आजोबा' म्हणतात. मेलेला देवमासा काठाला लागला तर त्याचे सुतक पाळतात, अंत्यविधी करतात, आणि अस्थी देवळात ठेवतात. तेथील प्राचीन चंपा राज्यातून ही चाल आली असे अनेक अभ्यासक मानतात, आणि चंपेचे राजे शिवभक्त होते. आपल्या केरी गावीही तेरेखोलच्या मुखाशी देव 'आजोबा' म्हणूनच बसलेले आहेत.

आपल्याकडे 'देवमासा' हे नाव तेवढे आहे, विधी नाही. नवा विधी रचावा असे मी म्हणत नाही. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो तेव्हा देवस्थानाच्या वतीने रापणकारांना आणि ट्रॉलरवाल्यांना तीन गोष्टी सांगता येतील. जाळ्यात देवमासा अडकला तर स्वतः पाण्यात न उतरता वन खात्याला ताबडतोब कळवावे. आणि खोल समुद्रात वाफेचा झोत दिसला तर इंजिन मंद करून दूर थांबावे, दिवस आणि जागा लिहून ठेवावी. आणि बुडी मारताना शेपटी वर आली तर तिच्या खालच्या बाजूचे, त्या काळ्यापांढऱ्या नक्षीचे, एक छायाचित्र घ्यावे. ओमानमध्ये अशा छायाचित्रांचा संग्रह आहे. त्यात आपल्या बाजूने एखादी शेपटी जुळली तर ती कोणाची, हे नावानिशी सांगता येते.